अकराची घसरण

वसंतराव औष्णिक वीजकेंद्रात बत्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. कोळशावर वीज करण्यात जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावर गडी सौर अनुदानाच्या नादी लागला. अर्ज भरला, लकडगंजच्या घराच्या गच्चीवर सहा पॅनल बसले. आता वीज कंपनीची तपासणी झाली की अनुदान खात्यात येणार होतं.

पण रोज सकाळी अकराला मोबाइलवरचा निर्मितीचा आलेख धाडकन खाली यायचा आणि तीनला आपोआप वर चढून थोड्या वेळाने पुन्हा उतरायचा. तेही ऐन उन्हात! तपासणीत हेच दिसलं तर अनुदान लटकणार, हे खरंच. तरी काळजीपेक्षा कुतूहलानेच वसंतरावांची झोप उडवली होती. पॅनल बसवणाऱ्याला विचारलं, पुण्याच्या मुलाला विचारलं, शेजारच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं. कोणी धूळ म्हणालं, कोणी इन्व्हर्टर.

तपासणीच्या दिवशी दुखरे गुडघे सांभाळत ते स्वतःच अकराला गच्चीवर चढले. बघतात तो काय, दोन पॅनलवर जुनं लुगडं अंथरलेलं आणि त्यावर भिवापूरच्या लालभडक मिरच्या! त्यांची बायको यमुताई वाकून त्या उलटवत होत्या.

"काहून वं, हे काय करून राहिली?"

"मिरच्या वाळवून राहिली. तिखटाची गिऱ्हाइकं थांबली हायेत. अठ्ठावीस वर्सं इथंच वाळवते. तुमचा माणूस आला, टेप लावून गच्ची मोजून गेला. मले कोनी विचारलं का जी?"

वसंतरावांचा आवाज चढणार, तेवढ्यात तपासणीला आलेली वीज कंपनीची इंजिनीअर अपेक्षा जिन्यातून वर आली. मिरच्या बघून तिला हसू आवरेना.

"काका, दोन पॅनल झाकले की जोडलेल्या अख्ख्या रांगेची वीज पडते. हे दोन काढून टाका. अनुदान तेवढं कमी मिळेल."

"काढता कायले?" यमुताई म्हणाल्या. "जिन्याच्या छपरावर न्या. इथं साडेतीनला टाकीची सावली येते, म्हणून तर मी तीनलाच मिरच्या उचलते. तिथं दिवस बुडेपर्यंत ऊन राह्यते."

अपेक्षाने वर पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मोबाइलवर काहीतरी जुळवलं. "बरोबर आहे. मोजणीत हे सुटलंच. हलवून घ्या, मी पुढच्या आठवड्यात येते. सहाही पॅनलचं अनुदान मिळेल."

ती गेली. वसंतरावांना मनापासून लाज वाटली. आलेखाचं कोडं ते पुण्यापर्यंत विचारत होते, घरात मात्र एकदाही नाही.

"आनखी काय काय ठाऊक हाये वं तुले?"

"लय काही," यमुताईंनी सूप त्यांच्यापुढे सरकवलं. "बसा. मिरच्या भरता भरता सांगते."