खिळेवाल्याची बोली

"उद्या नक्की," सुनेनं मोबाइलवरचा निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. "बाबा, हे पाचवं उद्या. आता तरी तक्रारीचं बटण दाबू का?"

"थांब जरा," मी म्हणालो, पण कशासाठी थांबायचं ते मलाही सांगता आलं नसतं.

गुरुवार होता. शनिवारी दुपारी दुकानाची किल्ली मालकाच्या हातात द्यायची होती. कपाटं गेली, पुस्तकं शिवायची चौकट गेली, पुठ्ठे रद्दीत गेले. उरलं होतं ते कटिंग मशीन. साडेपाचशे किलोचं बिडाचं धूड, बाजूला हातानं फिरवायचं चाक आणि हातभर लांब पातं. अडतीस वर्षं मी बाइंडिंग केलं, आणि हाताखालून गेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कडा याच पात्यानं कापल्या. घरी दोन खोल्या. मशीन आत घ्यायचं तर आम्ही जिन्यात झोपायचं. म्हणून सुनेनं ते ऑनलाइन लिलावात टाकलं.

भंगारवाला कालच डोकावून गेला होता. मशीनवर टिचकी मारून म्हणाला, "काका, घणानं चार तुकडे केले की दारातून आरामात निघेल." मी त्याला हाकलून दिलं. पण गिऱ्हाईक मिळालं नाही तर शनिवारी सकाळी त्यालाच बोलवावं लागणार, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

लिलावात शेवटपर्यंत दोघंच भिडले. एक घरच्या घरी बाइंडिंग करणारी बाई, आणि दुसरा 'खिळेवाला' असं टोपणनाव घेतलेला कुणीतरी. खिळे म्हणजे छापखान्यातली शिशाची अक्षरं. ते हातानं जुळवणारा माणूस आता दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. नाव वाचून मला हसू आलं. म्हटलं, हा तर आपल्यातलाच. बोली त्यानं जिंकली, पैसे मात्र भरेना. सून पहिल्या दिवसापासून सांगत होती की हा माणूस टांग देणार. पण 'उद्या नक्की' हे मीसुद्धा गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो. दुसऱ्या कुणाला त्याचा संताप येईल, मला त्यातून ओळख पटली. तिथंच मी गाढवपणा केला.

"मी रविवारीच म्हणत होते," सून म्हणाली. "तक्रार केली की त्याला उत्तरासाठी चार दिवस देतात. ते संपल्याशिवाय मशीन त्या बाईला देता येत नाही. आज केली तर सोमवार उजाडेल."

"परस्पर देऊन टाकू तिला."

"आणि माझं खातं बंद झालं म्हणजे? मी शिवलेले बाळांचे कपडे याच खात्यावर विकले जातात, बाबा."

तिच्या शिलाईवर घरातलं निम्मं भागतं. तेवढ्यात त्या बाईचाही निरोप आला: 'काका, टेम्पो उद्या दुपारपर्यंतच मिळतोय. काही जमतंय का? सध्या मी सुरीनं कापते, हाताची वाट लागलीय.' आता मार्ग एकच होता. खिळेवाल्यानं स्वतः 'सौदा रद्द, मान्य' हे बटण दाबायचं. सुनेनं त्याला तशी विनंती तीनदा पाठवली होती. तिन्ही वेळा उत्तर एकच, उद्या नक्की.

जिंकणाऱ्याचा फोन नंबर विकणाऱ्याला दिसतो. मी तो माझ्या फोनवरून फिरवला. आज याची चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवूनच फिरवला.

नंबर घरचा निघाला. एका बाईनं उचलला.

"खिळेवाले आहेत का?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"ते आमचे मिस्टर," ती म्हणाली. "काय घेतलंय आता त्यांनी?"

"कटिंग मशीन."

"किती मोठं असतं हो ते?"

"साडेपाचशे किलो."

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो," ती म्हणाली.

ठरवलेली खरडपट्टी मी सोडून दिली. तिनं हळू आवाजात सांगितलं की प्रेस बंद होऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या डोक्यातून ते निघून गेलंय. छापखान्यातलं काही विकायला दिसलं की बोली लावतात. "कार्ड मी लपवून ठेवलंय. पण नुसती बोली लावायला कार्ड लागत नाही ना. तुम्ही तक्रार करू नका हो. दोन झाल्यात, तिसरी झाली की खातं बंद करतील. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट त्यांना करता येते. नाहीतर सारखं मला विचारतात, प्रेसवर का जाऊ देत नाहीस म्हणून."

"मग त्यांना रद्दचं बटण दाबायला सांगा."

"रोज सांगते. म्हणतात, दिलेला शब्द मोडायचा नाही. मोबाइलला मला हात लावू देत नाहीत."

मला तिची दया आली आणि रागही आला. त्या घराचं दुखणं खरं होतं, पण घण माझ्या मशीनवर पडणार होता. समोर सून अंगठा तक्रारीच्या बटणावर धरून माझ्याकडे बघत होती.

"द्या त्यांच्याकडे," मी म्हणालो.

"बोला." आवाज खणखणीत होता. "पातं किती शिल्लक आहे?"

"दोन बोटं."

"मागची पट्टी काटकोनात आहे ना? नाहीतर पुस्तक तिरकं कापलं जातं."

"परवाच तपासली. साहेब, तुम्ही पैसे भरले नाहीत."

"उद्या भरतो. कधी बुडवलेत का तुमचे?"

"अहो, पण ठेवणार कुठं? तिसऱ्या मजल्यावर?"

"घरात कोण ठेवतंय? प्रेसवर पाठवा." मागून बायको काहीतरी म्हणाली. "तू गप्प बस गं, धंद्याचं बोलतोय," असं तिला दटावून ते पुन्हा मला म्हणाले, "उद्या नक्की."

सुनेनं भुवया उंचावल्या. मी मान हलवून नको म्हटलं. आमच्या धंद्यात दुसऱ्याचा रांगेतला नंबर मोडायला एकच कारण चालायचं. कुणी वारल्याचं कळवणारं कार्ड, म्हणजे मयताचं कार्ड आलं, की मशीनवरचं काम उतरवायचं आणि ते आधी घ्यायचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ते मुकाट्यानं नंबर सोडायचं. कुणी गेलं याबद्दल खोटं बोलायची माझी पहिलीच वेळ होती.

"साहेब, एका पार्टीला हे मशीन आजच हवंय," मी म्हणालो. "मयताचं कार्ड आहे. तुमचा नंबर सोडता का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ते उठून उभे राहिले असावेत.

"मग आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले. खणखणीतपणा गेला होता. "माझं उतरवा. लगेच उतरवा."

"मोबाइलवर एक बटण दाबावं लागेल. 'मान्य' असं लिहिलंय."

"थांबा, चष्मा घेतो."

सून पडद्यावरून नजर काढत नव्हती. मग तिचा मोबाइल थरथरला. तिनं तो माझ्यासमोर धरला: सौदा दोघांच्या संमतीनं रद्द. आणि माझ्याकडे न बघता ती भराभरा बाइंडिंगवाल्या बाईला निरोप लिहायला लागली. मशीन वाचलं होतं. आता मी फोन ठेवायला हरकत नव्हती.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

हे विचारायची पद्धत नव्हती. मी रिकाम्या दुकानाकडे पाहिलं.

"बाइंडर होता एक," मी म्हणालो. "जुना."

"माझ्या ओळखीतला असेल."

"असेल."

"कार्डाला चौकट बारीक लावा," ते म्हणाले. "हल्ली जाड काळी पट्टी मारतात. त्यात माणसाचं नाव दबून जातं."

"बारीकच लावतो," मी म्हणालो.