चौदा मिनिटांची शांतता

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यामागे घर नाही. गेम तयार करणाऱ्या एका कंपनीच्या आवाजाच्या खोलीत, लाकडी चौकटीत बसवून, मला मधोमध उभं केलं आहे. माझ्या अलीकडे जी खोली आहे, तीच पलीकडेही आहे. मला उघडून कोणी कुठे पोचत नाही. तरी एके काळी दिवसातून शंभर वेळा मला उघडत, कारण इथल्या गेममधल्या सगळ्या दरवाजांना माझाच आवाज आहे.

मला एका सुताराने घडवलं. बिजागरी बसवताना त्याने एक खिळा तिरका मारला, म्हणून मी जन्मभर करकरतो. एका घराच्या कोठीच्या खोलीला मला लावलं. त्या घरातली धाकटी भारी खोडकर होती. फारच झालं की आई तिला कोठीत घालून बाहेरून कडी लावी. आई काही दुष्ट नव्हती, थकलेली होती. धाकटी आधी रडे, मग रडणं थांबे आणि नुसता श्वास उरे, भराभर, तुटका, माझ्या फळीला लागून. भिंतींना कान असतात म्हणतात. दरवाजालाही असतात, पण स्वतःहून उघडणं त्याच्या हातात नसतं. पुढे ती मोठी होऊन निघून गेली, घर पाडलं, मी भंगारात गेलो. तो श्वास मात्र माझ्या लाकडात राहिला. खोलीत कोणी नसताना मला तो अजूनही ऐकू येतो.

भंगारवाल्याकडून मला आवाजताईने आणलं. गेममधले सगळे आवाज तीच करायची, म्हणून ऑफिसात तिला हे नाव पडलं होतं. तिने मला दहादा उघडून लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि हसत सुटली. तेल घालून देऊ का, असं भंगारवाल्याने विचारलं, तेव्हा तिने त्याला हातच जोडले. माझ्या खोडीचं कौतुक करणारी ती पहिलीच.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. ती वाळूच्या परातीत बूट घालून चालायची. गाजर मोडून हाडं मोडल्याचा आवाज काढायची आणि मग तेच गाजर खायची. मनासारखं झालं की माझ्या फळीवर थाप मारायची. पण गेम बाहेर पडायची तारीख जवळ आली की तिचं काहीतरी बिनसायचं. मन चिंती ते वैरी न चिंती. लोक हसतील, आवाज बंद करून खेळतील, या धास्तीने ती एकच करकर दोनदोनशे वेळा रेकॉर्ड करी. डबा तसाच परत जाई. हे ती कोणाला सांगत नसे. लहानपणापासून हवं होतं तेच काम मिळालेल्या माणसाने कुरकुर कशी करायची, असं तिला वाटे.

तेव्हा एका भीतीच्या गेमचं काम चाललं होतं. त्यात खेळणारा दरवाजाआड लपतो. या कामात एक पद्धत आहे. कोणताही आवाज घेण्याआधी रिकाम्या खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतात, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एका दुपारी ताईने त्यासाठी माइक चालू केला आणि तिचा श्वासच अडकला. माझ्या फळीला पाठ लावून ती खाली बसली. भराभर, तुटका श्वास. ही धाकटी नव्हे, हे मला कळत होतं. तरी माझं लाकूड शहारलं.

बऱ्याच वेळाने ती समोरच्या वस्तूंची नावं पुटपुटू लागली. चौकट. परात. गाजर. माझे बूट. हळूहळू श्वास बसला. तिने डोळे पुसले, माइक बंद केला आणि गडबडीत ते रेकॉर्डिंग ‘शांतता’ या नावाने बाकीच्या आवाजांबरोबर ठेवून दिलं. ते चौदा मिनिटांचं होतं.

दोन दिवसांनी ते गेमच्या प्रमुखाच्या हाती लागलं. त्याला सगळे कप्तान म्हणत. त्याने पहिली दोन मिनिटं कापून गेममधल्या दरवाजामागे घातली. ऐकणाऱ्यांच्या काळजाचं पाणी झालं. कप्तान खूश. कोणत्या नटीकडून घेतलंस, असं तो ताईला विचारत राहिला आणि ती विषय बदलत राहिली. त्या दिवसापासून गेम खेळून तपासणारे शेजारच्या खोलीत बसले की स्पीकरमधून तिचाच श्वास येई, दिवसातून पन्नास वेळा. मी इथे बंद उभा, आणि तिकडे मी करकरत उघडत असे. माझ्याआड ती पुन्हा पुन्हा घाबरत असे. तिने राजीनामा लिहून खिशात ठेवला. काम तिला जिवापाड आवडत होतं, पण त्या आवाजात तिला बसवेना.

मग एका सकाळी ती कप्तानाला या खोलीत घेऊन आली.

“तो श्वास माझा आहे,” ती म्हणाली. “नटीबिटी कोणी नाही.”

त्याचा चेहरा उतरला. आत्ताच्या आत्ता काढून टाकतो, म्हणाला.

“काढू नका. तुम्ही सुरुवातच तेवढी घेतलीत. तिथेच कोंडून ठेवलंत मला. पुढची बारा मिनिटंही माझीच आहेत, तीसुद्धा घ्या.”

भीतीच्या गेममध्ये इतका वेळ कोण थांबणार, लोक कंटाळतील, असं त्याचं म्हणणं पडलं. ज्याला गरज आहे तो थांबेल, ती म्हणाली, आणि खिशातला कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो वाचला. मग हेडफोन घातले आणि माझ्या फळीला टेकून जमिनीवर बसला. त्याची पाठ थरथरते आहे, हे फक्त मला कळत होतं. चौदा मिनिटं संपली तरी तो उठला नाही.

“ती नावं घेतेस ना,” तो हळूच म्हणाला, “मलाही शिकव.”

आता त्या गेममध्ये जो दरवाजाआड शांत बसून राहतो, त्याला तो श्वास हळूहळू बसताना ऐकू येतो, आणि मगच दरवाजा उघडतो. ताई अजून इथेच आहे. तारीख जवळ आली की अजूनही खाली बसते, पण आता कप्तानाला सांगून बसते.

माझी मात्र गरज संपली. माझ्या सगळ्या करकरी संगणकात गेल्या. मला भिंतीकडे सरकवलं आहे, अंगावर धूळ आहे आणि धाकटीचा श्वास सोबतीला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि बंद दरवाजाआडून कधी असा श्वास ऐकू आला, तर दार धडाधडा वाजवू नका, उगाच घाबरतोस म्हणून रागावू नका. बाहेर जमिनीवर बसा आणि तुमचा श्वास आतल्याला ऐकू येऊ द्या. धाकटीसाठी मला एवढंसुद्धा करता आलं नाही. मला श्वास नाही.