चावी लागेना

रतिलालला जुन्या घड्याळांचं वेड लागलं तेव्हा त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. बहिणीने, लताबाईने, लक्षच दिलं नाही. तिला वेळ कुठे होता? भाऊ जळगावला घड्याळं जमवत होता आणि ही धुळ्यात, देवपूरच्या दोन खोल्यांत, म्हाताऱ्या आबांचं हगणं-मुतणं काढत होती. वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीने आबांचे कान नेले होते, काचबिंदूने डोळे.

त्र्याण्णवच्या दिवाळीत रतिलाल आला तो खिशात घड्याळ घेऊनच. कोरं नवं, पण थाट जुना: पिवळसर तबकडी, सेकंदकाट्याला वेगळं घर, कातडी पट्टा. आत मात्र सेल. हल्ली शौकिनांना असलंच लागतं म्हणे.

"आबांचं चावीचं घड्याळ मी नेतो, अक्का. आमच्या मंडळात तसं कुणाकडे नाही. हे त्यांच्या हाताला बांध. दिसतंय कुठे त्यांना?"

लताबाईला वाईट वाटलं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं. आबा झोपेत असतानाच रतिलालने अदलाबदल केली, फराळ केला आणि गेला.

रोज सकाळी घड्याळाला चावी देणं आणि सदऱ्याच्या गुंड्या लावणं, ही दोन कामं आबा कुणाला करू देत नसत. चावी घट्ट झाली की थांबायचं, हे बोटांना पाठ होतं. त्या सकाळी ती नुसतीच फिरत राहिली. चहा गार झाला तरी आबा फिरवतच होते.

"लता," शेवटी ते म्हणाले, "मना बोटेसमा आते जोर नही राहिना."

"तसं नही, आबा," ती कानाशी वाकून म्हणाली, पण अदलाबदलीचं सांगायचं सोडून गार चहा तापवायला उठली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सदरा तिच्यापुढे धरला. हळूहळू घासही भरवून घ्यायला लागले. हट्ट नाही, चिडचिड नाही. शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, बरं झालं, आता ऐकतात तरी. लताबाईला रडू फुटलं. काम सोपं झालं होतं, आणि तेच तिला सोसवेना.

आबांना पुष्पाबाईंवर सोपवून तिने जळगावची एसटी धरली. रतिलालच्या कपाटात मखमलीवर घड्याळांची रांग होती. आबांचं बंद पडलं होतं.

"चावी देत नाहीस?"

"झीज होते, अक्का. ही नुसती बघायची असतात."

तिने घड्याळ उचलून कमरेला खोवलं. रतिलाल भडकला; रविवारी मंडळाला दाखवायचं कबूल केलंय म्हणाला.

"मग त्यांना धुळ्याला आण. आबांच्या हातावर बघा म्हणावं."

सकाळी तिने ते आबांच्या तळहातावर ठेवलं. "चावी द्या," ती कानाशी ओरडली.

"नही लागस."

"द्या तर खरी!"

बोटं फिरू लागली. फिरली, जड झाली, थांबली. लताबाई सदरा घेऊन वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

"सोड. गुंड्या मी लावस."

पहिलीच गुंडी चुकीच्या काजात गेली आणि सगळा सदरा वाकडा बसला. लताबाईने तो दिवसभर तसाच राहू दिला.