पाणबुडीचं तोंड झालेली कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, आज मी परसात पालथी पडलेली असते आणि कोंबड्या माझ्यावर बसतात. पण एकेकाळी मी पाणबुडीचं तोंड होते, आणि एका माणसावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

१९५६ साली घाटंजीच्या आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. साऱ्यांच्या जेवणासाठी पंचफुलाबाईनं मला बाजारातून आणलं. तिचा नवरा डोमाजी पांढरकवड्याच्या रस्त्यावर ट्रकांचं वेल्डिंग करायचा.

तीन वर्षांनी निवृत्त ओव्हरसियर नीळकंठरावांना पाणबुडीचं वेड लागलं. पाण्यानं भरलेल्या जुन्या खदानीत ती बुडवून पाहुण्यांना दाखवायची होती. टँकरची जुनी टाकी आली. तिचं मागचं बूड गोल होतं, पुढचं सडून गेलं होतं. तिथं नीळकंठरावांनी नकाशात सपाट पत्रा काढला.

"साहेब, सपाट पत्रा दबून जाईन," डोमाजी म्हणाला. "इथं फुगीर बूड पायजे." आणि तो घरून मला घेऊन आला.

नीळकंठरावांनी मला बोटही लावलं नाही. "तुमच्या पंगतीचं भांडं माझ्या पाणबुडीला? नकाशा मी काढतो, तू फक्त जोड."

मला कोपऱ्यात फेकलं. तिथं पडून मी त्यांचं वाईट चिंतत राहिले.

डोमाजीनं पत्रा जोडला, पण आत बसायला साफ नकार दिला. आधी माणसाऐवजी दगड भरून बुडवू, असा त्यानं हट्ट धरला. वीस हात खोल गेल्यावर दोर हादरला. वर काढली तर पत्रा चेपून आत गेलेला, जोड उसवलेला. मला झालेला आनंद सांगता सोय नाही.

आठ दिवसांनी नीळकंठरावांनीच मला मागवलं. जोडण्याआधी डोमाजीनं छिन्नीनं माझ्या पोटात काही अक्षरं कोरली. बाहेरून नीळकंठरावांनी स्वतःचं नाव रंगवून घेतलं. पाहुण्यांसमोर आत तेच बसले, डोमाजीनं काठावर दोर धरला.

खाली जाताना पाणी मला सगळीकडून रेटू लागलं. एक चीर पाडली की झालं, असं माझ्या मनात आलं. पण लोक म्हणाले असते, डोमाजीचाच जोड कच्चा होता. मी दातओठ खात तशीच धरून राहिले.

मग त्यांनी बॅटरी लावली. पाणबुडीला खिडकी नव्हती. हातभर अंतरावर लिहिलं होतं: 'कढई पंचफुलाची, काम डोमाजीचं.' पाव तास त्यांना दुसरं बघायला काही नव्हतं. ज्या भांड्याला बोट लावायचं नव्हतं, त्याच्याच पोटाशी ते जीव मुठीत धरून बसले होते.

वर आल्यावर डोमाजीनं त्यांना हात दिला. "आत वाचता आलं काय, साहेब?"

ते पाहुण्यांकडे निघून गेले. पुढच्या वर्षी पाणबुडी भंगारात निघाली, तेव्हा पंचफुलाबाईनं मला टाकीपासून कापवून घरी आणलं. बाहेरचा रंग दोन उन्हाळ्यांत उडाला.

मित्रांनो, माझा गंज घासा, मला तेल लावा. फक्त पोटातून जपून घासा. ती अक्षरं मला अजून हवी आहेत.