मुठीच्या तांदळाची दुरडी

मित्रांनो, चुलीवरच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, धुराने काळी पडलेली आणि बुडाला सुतळीने शिवलेली जी दुरडी दिसते ना, ती मी. नाक मुरडू नका. मिझोरामच्या डोंगरावरल्या या घरात एके काळी माझ्याइतका मान दुसऱ्या कोणत्याही भांड्याला नव्हता. कारण माझ्यात जे पडे ते देवाचे असे.

मला कापथुआमाने विणले. थंडीत तोडलेला बांबू त्याने ओट्यावर बसून चिरला आणि त्याच्या कामट्या अशा घट्ट विणल्या की एक दाणाही गळू नये. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याची बायको दारथांगी मला हातात घेऊन म्हणाली, "एवढीशी? हिच्यात काय मावणार?"

"तुझी मूठ मावली म्हणजे झालं," तो म्हणाला.

आमच्याकडे रीतच तशी आहे. घरची बाई भातासाठी तांदूळ मापून घेते आणि त्यातलीच एक मूठ बाजूला काढते. ती मूठ देवाची. दर शनिवारी मंडळीतल्या बाया घरोघर फिरून हे तांदूळ गोळा करतात आणि त्यावर चर्चची कामे चालतात. आमच्या घरी तेव्हा त्या मुठीचे राहण्याचे ठिकाण म्हणजे मी. पाहुणे माझ्या विणीवरून बोट फिरवत, कापथुआमाच्या हाताची तारीफ करत, आणि मी उगाचच फुगून बसे. ते दिवस फार सुखाचे होते.

पुढे मुआनीचा जन्म झाला, आणि ती रांगू लागायच्या आत कापथुआमा तापाने गेला. दारथांगी खूप रडली, पण तिची मूठ चुकली नाही. डोंगरउतारावरचे शेत ती एकटीने कसू लागली. काही वर्षांनी एकदा पेरणीच्या धांदलीत मात्र ती भल्या पहाटे शेताकडे पळाली आणि मूठ काढायची राहून गेली. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही.

नेमका त्याच साली बांबूला फुलोरा आला. माझ्याच भाऊबंदांना! माणसाच्या आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळीच येणारा हा फुलोरा दिसायला नाजूक, पण त्याचे बी खाऊन उंदीर माजतात आणि बी संपले की शेतांत उतरतात. कापणीच्या तोंडावर उभी पिके फस्त झाली. गावात कुणाचेही शेत वाचले नाही. दारथांगीने मात्र मनाशी ठाम धरले की आपली मूठ चुकली, म्हणून देवाने हात आखडला.

तेव्हापासून ती इतकी काटेकोर झाली की मलाच धास्ती वाटू लागली. रानातून कंद खणून आणायचे, त्यात चिमूटभर तांदूळ शिजवायचे, पण आधी मूठ माझ्यात. शेवटी मडके रिकामे झाले. घरात तांदूळ उरले ते फक्त माझ्या पोटात. अशातच मुआनीला ताप भरला आणि कंद तिच्या घशाखाली उतरेना.

"आई, पेज दे ना. थोडीशीच," ती अंथरुणातून म्हणाली.

दारथांगीचा हात माझ्या काठापर्यंत आला आणि मागे गेला. पुन्हा आला, पुन्हा मागे गेला. मित्रांनो, मला पाय असते तर मी आपणहून पातेल्यात उडी मारली असती!

शनिवारी तांदूळ गोळा करायला पी सापछुंगी आल्या. वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने 'पी' म्हणतो. या पी वयाने थकलेल्या, पण जिभेने अजून तरण्या. त्यांनी पाठीवरची तांदळाची टोपली उतरवली. दारथांगीने मला दोन्ही हातांनी पुढे केले.

"चुलीवर काय आहे, मुआनीच्या आई?"

"कंद."

"पोर खाते का?"

"नाही, पी. पेज मागते. पण तांदूळ नाहीत."

"मग ही काय वाळू आहे?"

"ते देवाचे आहेत." दारथांगी म्हणाली. "पी, मी एकदा मूठ विसरले, तर सगळं शेत गेलं. आता पुन्हा चुकले, तर माझी मुआनी जाईल."

पी खाली बसल्या. मग त्यांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि त्या चक्क हसल्या.

"वेडी ग वेडी! उंदीर माझ्याही शेतात आले. चर्चच्या पाळकांच्या शेतात तर सगळ्यांत आधी आले. आम्ही कुणी कुठली मूठ विसरलो होतो? उंदीर काय मुठी मोजत हिंडतात?"

"पण देव..."

"देव लाच खातो असं वाटलं तुला? अगं, त्यानं स्वतःचा पोटचा मुलगा आपल्यासाठी दिला. तो तुझ्या पोरीच्या तोंडची पेज हिसकावील? आपण मूठ काढतो ती त्याला धरून ठेवायला नाही. त्यानं आधीच भरभरून दिलंय, म्हणून काढतो. सरक बाजूला, पाणी ठेव."

असे म्हणून त्यांनी मला सरळ पातेल्यात पालथे केले. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आपल्या टोपलीतले, घरोघरच्या उपाशी बायांनी दिलेले तांदूळ त्यांनी ओंजळीओंजळीने माझ्यात ओतले. मी काठोकाठ भरले. दाणे जमिनीवर सांडले, तरी त्या ओततच होत्या.

"पी, हे मी कसं फेडू?"

"सकाळचं ऊन कुणाला फेडतेस? गप घे."

रविवारी पींनी भर मंडळीत उभे राहून सगळे सांगितले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या कारभाऱ्यांनी नापसंतीने घसा खाकरला, पण त्यांच्या बायकोने कोपर मारल्यावर तो आपोआप मोकळा झाला म्हणे! त्या दुष्काळात पुढचे गोळा झालेले तांदूळ आधी आजाऱ्यांच्या घरी गेले. मुआनी पेज प्यायली, उठून बसली, आणि चार दिवसांत कुरकुरही करू लागली. तिची ती कुरकुर ऐकून दारथांगीला आणि मला केवढा आनंद झाला, काय सांगू!

आता मुआनीच घर चालवते. मुठीसाठी तिने झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणला आहे आणि माझ्यात लसूण ठेवला आहे. वाईट वाटते थोडे, खोटे कशाला बोलू? पण माझी तक्रार नाही. माझ्या एवढ्याशा पोटात जे येऊन गेले, ते मोठमोठ्या कोठारांनाही मिळत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी दुरडी असेल, तर तिला अडगळीत टाकू नका, तिची वीण उसवली तर शिवा. देवासाठी तिच्यात काही ठेवत असाल, तर आनंदाने ठेवा. पण शेजारी कुणी उपाशी असेल, तर तिच्यात खुशाल हात घाला. देव रागावणार नाही. हात घालायला भिणाऱ्या आईला मी जवळून पाहिले आहे. पींच्या तोंडून तिला 'घे' म्हणणारा तोच होता.