मुळ्याच्या पिंपावरचा दगड

मी मुळ्याच्या पिंपावरचा दगड बोलतोय. जन्माने नदीतला, अंगाने गोल, आणि एके काळी तरी फार गर्विष्ठ.

किनुए लग्न होऊन उत्तर जपानमधल्या अकिताच्या या गावात आली, तेव्हा तिनेच मला नदीतून निवडून आणलं. तिचा नवरा तोकुजी हसला होता. "अगं, माहेरचं काही नाही म्हणून दगड आणलास होय?" बर्फ पडायच्या आधी ती पिंपात मुळे रचायची, मूठमूठ मीठ पसरायची आणि वर मला ठेवायची. माझ्या भाराने मुळ्यांना पाणी सुटायचं. हिवाळाभर शेजारणी चहाला यायच्या, खारवलेल्या मुळ्याची चकती तळहातावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "किनुएच्या हाताची चव काही औरच!" मीच फुगायचो. भार माझा होता ना!

मग तोकुजीच्या पोटात कॅन्सर निघाला. जठर अर्ध्याहून जास्त काढलं. डॉक्टर म्हणाले, "सिगारेट आजपासून बंद. दारू नको. मीठ कमी, थोडं थोडं खा, रोज चाला." किनुएच्या कानात एकच शब्द राहिला, मीठ.

"मीच घातलं हो तुमच्या पोटात," ती म्हणाली. त्या वर्षी तिने पिंप पालथं घातलं आणि मला सरपणाच्या खोपटामागे नेऊन टाकलं. शेजारणी यायच्या, अळणी भोपळा खाऊन लवकर उठायच्या.

तोकुजी मात्र रोज माझ्याकडे यायचा. "चालून येतो गं, म्हातारे!" असं ओरडायचा, खोपटाला वळसा घालायचा, माझ्यावर बसून सिगारेट पेटवायचा. थोटूक माझ्या पोटाखाली खुपसायचा. एकदा मला थोपटत म्हणाला, "तुला उगाच शिक्षा झाली रे. तिला सांगायला हवं. उद्यापासून सोडतोच."

दुसऱ्या हिवाळ्यात दुखणं उलटलं. मला वजन कळतं. तो दिवसेंदिवस हलका बसू लागला. बर्फ वितळायच्या आत गेला.

अस्थी पुरल्यावर किनुए माझ्याकडे आली. "चल, नदीत जा परत. माझ्या मिठाने माणूस नेला माझा." तिने मला कसंबसं उलटवलं. खाली थोटकांचा ढीग होता, ओला, पिवळा.

ती मातीतच बसली. एक थोटूक उचलून नाकाशी धरलं. किती वेळ रडली, मला मोजता येत नाही.

"अहो," शेवटी म्हणाली, "मग मुळा तरी खायचा होतात की. इतका आवडायचा तुम्हाला."

तिने मला नदीत टाकलं नाही. पिंपावरही ठेवलं नाही. मी खोपटामागे उलटाच पडलोय. सिगारेट सोडली असती तर तो वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. जास्त जगला असता कदाचित. पण किनुए दोन हिवाळे स्वतःला खात होती; त्याने तिला सांगितलं असतं, तर ते तरी थांबलं असतं.

तुम्हीही असेच कुठे आडोशाला बसत असाल, तर मला काही सांगू नका. मी दगड आहे. घरात ती आहे, तिला सांगा.