समोरचं दार दिसेल अशा झडपा

खोली

पुढची, रस्त्याकडची. फॉर्मवर मी एवढंच लिहिलं, कारण रकाना तेवढाच आहे.

त्या खोलीतला सोफा बाहेर काढला होता. त्याच्या जागी इस्पितळातून आलेली खाट होती आणि खाटेवर क्लिफर्ड एंटविसल. वय एकोणऐंशी. फुप्फुसं गेलेली. उत्तर इंग्लंडमधल्या बर्नली गावाच्या वरच्या अंगाला चढावर गिरणी कामगारांच्या घरांची जी रांग आहे, तिथली ही गोष्ट. गिरणी केव्हाच पडली, पण घरं समोरासमोर तशीच आहेत. इतकी जवळ की समोरच्याने चहात किती साखर घातली तेही कळावं.

मी खिडकीला आतून लाकडी झडपा बसवतो. चौकटीत आडव्या पट्ट्या, आणि दांडी फिरवली की पट्ट्या उघडतात, मिटतात. एकटाच काम करतो. मी इथला नाही, वीस वर्षांपूर्वी इंग्लंडच्या दक्षिणेकडून आलो.

रुंदी (वर / मध्ये / खाली)

११८२ / ११७६ / ११८८ मिलिमीटर. तीनदा मोजायचं आणि सगळ्यात लहान आकडा धरायचा. जुन्या भिंतीतली एकही खिडकी ओळंब्यात नसते.

"मी तरी कुठे ओळंब्यात आहे?" खाटेवरून क्लिफर्ड म्हणाला. मग खोकला. बराच वेळ.

प्रकार

इथे त्यांचं भांडण झालं.

मी नमुने खाटेवर मांडले. बेरिल, त्याची बायको, दाराला टेकून उभी होती. लहानखुरी बाई, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या.

"नुसत्या खालच्या अर्ध्या घ्या," मी म्हणालो. "वरून उजेड येतो, खालचं कोणाला दिसत नाही."

"आणि मला काय दिसतं? ढग?" क्लिफर्ड म्हणाला. "मला रस्ता दिसला पाहिजे, पोरा. समोरचं दार दिसलं पाहिजे. आणि मी कोणाला दिसता कामा नये."

"कोणाला म्हणजे कोणाला, ते सांग की त्याला," बेरिल म्हणाली.

"तू गप गं."

"मला विचारशील तर काहीच नको. नुसती काच असू दे. दिसू दे त्याला, भाऊ कसा पडलाय ते."

"बेरिल!"

"बघ कसा ओरडतोय. म्हणे दम लागतो."

स्वयंपाकघरात चहा ओतताना तिने मला सगळं सांगितलं. समोरच्या हिरव्या दाराच्या घरात रोलंड राहतो. क्लिफर्डचा धाकटा भाऊ. एकवीस वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

"जमिनीवरून?" मी विचारलं.

"कबुतरावरून."

फ्रान्सहून सोडलेली कबुतरं घरी पोचायची शर्यत. पक्षी खुराड्यात उतरला की त्याच्या पायातलं रबरी कडं काढून घड्याळात टाकायचं, घड्याळ वेळ छापतं. कोणी वेळेत फेरफार करू नये म्हणून त्या घड्याळाला क्लबचा शिशाचा शिक्का असतो. त्या वर्षी क्लिफर्डची मादी पहिली आली. रोलंड क्लबचा सेक्रेटरी होता. सगळ्यांसमोर त्याने घड्याळ उचलून दाखवलं. शिक्का मोडलेला होता. मादी बाद, आणि क्लिफर्ड लबाड.

"दोघंही दिवसभर एकमेकांच्या दाराकडे बघत बसतात," बेरिल म्हणाली. "हा पडद्याआडून, तो पडद्याआडून. हा मरायच्या आत तो एकदा या उंबऱ्यातून आत यावा, बाळा. दुसरं काही नको मला. पण बोलवायचं कोणी? मी गेले तर हा मला घरात घेणार नाही."

मी पूर्ण उंचीच्या झडपा लिहिल्या. वरच्या आणि खालच्या पट्ट्या वेगळ्या फिरणाऱ्या.

मधल्या आडव्या फळीची उंची

ही फळी नेहमी खिडकीच्या मधल्या लाकडाबरोबर धरतात, म्हणजे बाहेरून नीट दिसतं. मी खाटेशेजारी गुडघ्यावर बसलो, त्याच्या उशीजवळ डोकं नेलं आणि तिथून बघितलं. खिडकीचं लाकूड बारीक होतं, पण रुंद फळी तिथे आली तर हिरवं दार बरोबर तिच्यामागे जात होतं. म्हणून फळी चौदा सेंटिमीटर खाली घेतली. बाहेरून वाकडं दिसणार होतं. त्याला चालणार होतं.

किती दिवसांत

"दहा आठवडे," मी म्हणालो.

"डॉक्टर आठ म्हणालाय," क्लिफर्ड म्हणाला. "कारखान्याला सांग, गिऱ्हाईक घाईत आहे."

बसवल्याची तारीख

दहावा आठवडा, गुरुवार. क्लिफर्ड होता. खाटेवर त्याची जागा फार कमी झाली होती, एवढंच. धुळीचा त्रास नको म्हणून खाट ढकलत मागच्या खोलीत नेली. मधलं दार उघडंच ठेवलं. त्याला माझं काम ऐकायचं होतं.

चौकट लावली, पाचरी मारल्या, पाणसळ धरली, बिजागऱ्या बसवल्या. साडेअकराला काम संपलं. मग मी तेच केलं जे दर वेळी करतो. सगळ्या झडपा मिटल्या, सगळ्या पट्ट्या घट्ट बंद केल्या आणि फटीतून उजेड कुठे येतो ते बघितलं. एका कोपऱ्यात बारीक रेघ होती. ती बुजवायला लांबी आणावी म्हणून गाडीकडे गेलो.

समोरच्या घराचा पडदा ओढला गेला. मग त्याच्या शेजारचा. मग चढावर वरपर्यंत, एकेक. मला वाटलं ऊन येत असेल. ऊन नव्हतं.

आता लिहितोय तेव्हा हे सोपं आहे. माझी आजी सांगायची की घरात कोणी गेलं की रस्त्याकडची खिडकी भर दिवसा बंद करायची, आणि ते बघून शेजारपाजारच्यांनी आपले पडदे ओढायचे. मला वाटत होतं, ही रीत तिच्याबरोबरच गेली. या रांगेत ती गेली नव्हती.

हिरवं दार उघडलं. सपाता घातलेला एक उंच म्हातारा बाहेर आला. टोपी हातात. तो सरळ रस्ता ओलांडत आला.

"गाडी हलवू का?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला आणि त्याने बेरिलचं दार वाजवलं.

(इथे रकाना नाही)

बेरिलने दार उघडलं. त्याला बघून तिने तोंडावर हात ठेवला. तिला वाटलं, आला. शेवटी आला.

"बेरिल," तो म्हणाला. "काय बोलू मी?"

"काही नको बोलूस. आत ये आधी."

"नाही, बोलू दे. नाहीतर जमायचं नाही." तो टोपी हातात पिळत होता. "तो शिक्का माझ्याकडून मोडला होता. घड्याळ टेबलावर ठेवताना आपटलं. सगळे बघत होते. त्यांच्यासमोर मला कबूल करता आलं नाही, आणि मग... मग रोज वाटायचं, उद्या सांगू. पहिली मादी त्याचीच होती, बेरिल. हे त्याला सांगायचं राहिलं." आणि तो रडायला लागला. रडायची सवय नसलेली माणसं रडतात तसा, आवाज दाबत.

आतून क्लिफर्डचा आवाज आला. "कोण आहे गं?"

रोलंडचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्याने मिटलेल्या झडपांकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या लांबीच्या डब्याकडे.

"जिवंत आहे?" तो म्हणाला. चिडून विचारावं तसा.

"रोली, आता आलाच आहेस," बेरिल म्हणाली. तिने त्याची बाही धरली. "दहा पावलं, बस. दहा पावलं."

"मला वाटलं..." त्याने बाही सोडवून घेतली. टोपी डोक्यावर घातली. "असं करतात का कोणी? असं करतात?"

तो परत गेला. हिरवं दार लागलं. थोड्या वेळाने चढावरचे पडदे एकेक करून उघडले. कोणी बाहेर आलं नाही.

मी आत पळालो आणि सगळ्या पट्ट्या उघडल्या. 

काम समाधानकारक आहे का

आम्ही खाट पुन्हा पुढच्या खोलीत आणली. क्लिफर्डला पट्ट्यांमधून हिरवं दार अगदी मधोमध दिसत होतं.

"मी ऐकलं सगळं," तो म्हणाला.

"मग हाक मारायचीस ना त्याला!" बेरिल म्हणाली. "'कोण आहे गं' काय? आवाज ओळखला नाहीस?"

"ओळखला." तो श्वास गोळा करत राहिला. "म्हणून तर विचारलं. 'मी आहे' असं त्याने स्वतःच सांगावं म्हणून."

 मी जमिनीवरचा भुसा गोळा करत होतो.

"पट्ट्या बंद कर," तो मला म्हणाला.

"आत्ता?"

"बंद कर. बंद असल्या की येतो तो."

"क्लिफ," बेरिल म्हणाली, "मरण असं खोटं खोटं मागू नये रे."

"खोटं कुठे आहे? जरा आधी आहे, एवढंच."

मी दांडी फिरवली. बेरिलने मला अडवलं नाही. आम्ही तिघं अंधारात बसून राहिलो. रस्त्यावरून एक गाडी गेली. दार वाजलं नाही.

विक्रीनंतरची भेट

तीन आठवड्यांनी पट्ट्यांचे स्क्रू आवळायला जातो तसा गेलो. खाट नव्हती. सोफा परत आला होता, पण भिंतीला तोंड करून.

बेरिलने चहा दिला. बशीत बिस्किटं ठेवली. मी न विचारताच ती बोलायला लागली.

"रोज लावून घ्यायचा बंद. अकरा ते बारा. शेजारच्या आयरीनने पहिल्या दिवशी पडदा ओढला, मग विचारायला आली, मग कोणी काहीच केलं नाही. रोली तर खिडकीतही येईना."

"आणि मग?"

"मंगळवारी सकाळी गेला. नर्सने टेकवून बसवलं होतं, तसाच बसल्या बसल्या. मी उठले, झडपा लावायला. दांडीला हात लावला आणि म्हटलं, लावून काय उपयोग? कोणाला कळणार आहे? म्हणून सगळ्या उघडून टाकल्या. भिंतीपर्यंत. या घरात एकवीस वर्षांत ती काच कोणी उघडी बघितली नव्हती."

तिने बशी माझ्याकडे सरकवली.

"रोली पायरी झाडायला बाहेर आला होता. त्याने वर बघितलं. समोर हा, उशांना टेकून, तोंड त्याच्याकडे. झाडू थांबला त्याचा. बराच वेळ बघत राहिला. आणि मग, बाळा, त्याने हात वर केला."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"असा." तिने हात खांद्याइतका उचलून दाखवला. "हात वर धरून थांबला. हा काही करेल म्हणून. खाली घेतला, पुन्हा वर केला. मी पडद्याला... पडदे कुठे होते आता? मी दाराआड उभी होते. जाऊन सांगायला हवं होतं. पण म्हटलं, राहू दे त्याला जरा. त्याला वाटतंय तोवर वाटू दे."

"किती वेळ?"

"हात दुखेपर्यंत," ती म्हणाली. "मग मी गेले."